मंडाले आणि तटस्थता

एम.ए.च्या वर्गात वैचारिक गद्य शिकवताना 'गीतारहस्य' आणि 'गीता-प्रवचने' ही दोन पुस्तके आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. आमच्यापैकी एक जण जळगावात शिकवतो, एक जण धुळ्यात. तेव्हा या शेजारामागे थोडा प्रादेशिक अभिमान आहे, तो लपवण्याचे कारण नाही. दोन्ही पुस्तके तुरुंगात जन्मली. पहिले मंडालेच्या, दुसरे आमच्या धुळ्याच्या. १९३२ सालच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. जमनालाल बजाजांसारखे राजबंदी तेव्हा त्याच तुरुंगात होते. हा प्रसंग खानदेशातल्या विद्यार्थ्याला सांगावा लागत नाही; तो त्याच्या कानांवर लहानपणापासून असतो.

एके वर्षी हेच सांगून आम्ही मंडालेकडे वळलो, तेव्हा शिरपूरकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, धुळ्यात विनोबांचे कोणी ऐकले ते आपल्याला माहीत आहे. मंडालेला टिळकांच्या भोवती कोण होते?" आम्ही तत्परतेने उत्तर दिले: स्वयंपाकासाठी नेमून दिलेला कुलकर्णी नावाचा कैदी होता, त्याच्या आठवणीही उपलब्ध आहेत. ती म्हणाली, "तो तर आपलाच माणूस झाला. तिथले कोण होते?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षे शिकवत असलेल्या पाठाला असे भोक पडावे, हे आम्हांला फारसे सुखावह वाटले नाही. परंतु नंतर त्या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासापुरता राहिला नाही. तो न्यूयॉर्कच्या आमसभेतल्या एका मतदानापर्यंत आणि हेगच्या न्यायालयातल्या एका न उच्चारलेल्या शब्दापर्यंत गेला. प्रस्तुत लेखात तेवढाच माग मांडण्याचा विचार आहे.

मराठी मनातला ब्रह्मदेश म्हणजे एक खोली आहे. लाकडी फळ्यांची खोली, जिच्या फटींतून ऊन, वारा आणि पाऊस आत येत असे. पुढे १९२०च्या दशकात सुभाषचंद्र बोस त्याच मंडालेच्या तुरुंगात राहिले आणि तिथून न. चिं. केळकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी टिळकांच्या त्या वास्तव्याविषयी लिहिले. त्यामुळे या खोलीचे चित्र आपल्या मनात अधिकच पक्के झाले. मधुमेहाने पोखरलेले शरीर, पेन्सिल, मोजून दिलेले कागद, १९१०-११च्या हिवाळ्यातले ते चार-पाच महिने, आणि त्यातून उभा राहिलेला प्रचंड ग्रंथ. हे चित्र खरे आहे आणि थोरही आहे. त्यात फक्त ब्रह्मदेश नाही. खोलीच्या बाहेर एक शहर होते, त्यात बाजार होता, विहार होते, भिक्षू पहाटे भिक्षेला निघत होते, याचा आपल्या पाठ्यपुस्तकी आठवणीत मागमूस नाही. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या परिशिष्टात गीता आणि बौद्ध ग्रंथ यांचा विचार केला, तुरुंगात पालीचा अभ्यासही केला. एका बौद्ध देशात बसून बौद्ध धर्म पुस्तकांवरून समजून घ्यावा लागणे ही कैद्याची असहायता होती. आपण मोकळी माणसे. आपल्याला ती सबब नाही.

या विस्मरणाची दुसरी बाजू कोकणात आहे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला गादीवरून उतरवले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार झाला. १९१६च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. म्हणजे १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैद होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. साम्राज्याने केलेली ही अदलाबदल एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते. रत्नागिरीला सहल नेणाऱ्या शाळा थिबा पॅलेस दाखवतात, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त दाखवतात. थिबाचे राज्य कसले होते, त्याचे पुढे काय झाले, हे विचारणारा मास्तर विरळा.

आता खानदेशाकडे परत येऊ. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना डाळमिलांचा जो वास येतो तो ज्याला ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असेल की तुरीच्या भावाची चौकशी करताना व्यापारी 'लेमन तूर' असा एक प्रकार सांगतात. ही तूर ब्रह्मदेशातली. उडदाचेही तसेच. आपल्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा तिकडचा माल महत्त्वाचा ठरतो. २०२१ सालच्या जूनमध्ये भारत सरकारने म्यानमारशी झालेल्या समझोत्यानुसार वर्षाला २.५ लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर पाच आर्थिक वर्षे आयात करण्यास मुभा देणारी अधिसूचना काढली. त्यात गैर काहीच नाही. डाळ ही गरिबाच्या ताटातली वस्तू आहे आणि ती पिकवणारा तिकडचा शेतकरीही गरीबच आहे. आम्ही फक्त महिना लक्षात ठेवायला सांगतो.

कारण त्याच महिन्यात, १८ जून २०२१ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरचा ठराव मताला आला. १ फेब्रुवारीला लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले होते, आँग सान स्यू की यांना अटक झाली होती, रस्त्यांवर निदर्शकांना गोळ्या घातल्या जात होत्या. ठरावात लष्कराचा निषेध होता, कैद्यांच्या सुटकेची मागणी होती आणि म्यानमारकडे जाणारा शस्त्रांचा ओघ थांबवावा असे आवाहन होते. ११९ देश बाजूने, एकटा बेलारूस विरोधात, ३६ तटस्थ. त्या ३६ जणांत रशिया होता, चीन होता आणि भारतही होता.

आपल्या प्रतिनिधीने दिलेले स्पष्टीकरण थोडक्यात असे होते: ठरावाच्या मसुद्यात भारताचे विचार उमटलेले नाहीत, शेजारी देशांना बरोबर घेऊन सल्लामसलतीच्या, विधायक मार्गाने जायला हवे, ठराव घाईने आणला गेला आहे. आम्ही परराष्ट्रव्यवहाराचे जाणकार नाही. परंतु मजकूर वाचणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि मजकूर म्हणून या स्पष्टीकरणाकडे पाहिले की एक गोष्ट जाणवते. त्यात कर्ता नाही. परिस्थिती चिंताजनक असते, हिंसा घडलेली असते, सर्व बाजूंनी संयम पाळायचा असतो. गोळी कोणी झाडली हे वाक्याच्या रचनेतूनच निसटते. विद्यार्थ्याच्या निबंधात आम्ही अशा वाक्याखाली लाल रेघ मारतो आणि समासात लिहितो, 'कोणी?'

त्या मतदानात आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. ठरावाच्या बाजूने पडलेल्या ११९ मतांत एक मत म्यानमारचे होते. क्याव मो तुन हे त्या देशाचे राजदूत. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला त्यांनी आमसभेत उभे राहून स्वतःच्या देशातल्या लष्कराविरुद्ध जगाने कृती करावी अशी विनंती केली, अखेरचे शब्द ब्रह्मी भाषेत उच्चारले आणि तीन बोटे उंचावली. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्यांना बडतर्फ केले. संयुक्त राष्ट्रांनी मात्र त्यांची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही. ज्या देशाच्या अंतर्गत बाबीत पडू नये म्हणून आपण हात आखडला, त्या देशाच्याच प्रतिनिधीने 'पडा' म्हणून हात वर केला होता. मग अंतर्गत कोणाचे, आणि बाब कोणाची?

राजनैतिक मराठीत 'अॅब्स्टेन' या क्रियेला आपण 'तटस्थ राहणे' म्हणतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पाण्यात नाही, नावेतही नाही. मराठी समीक्षेत हा शब्द आपण फार प्रेमाने वापरतो. 'लेखकाची तटस्थता वाखाणण्यासारखी आहे' हे वाक्य लिहिल्याशिवाय आमच्या विद्यार्थ्यांचे रसग्रहण पुरे होत नाही, आणि ते त्यांनी आमच्याकडूनच उचललेले आहे. कलाकृतीशी अंतर राखून ती न्याहाळणे हा समीक्षेचा गुण आहेच. परंतु एका क्षेत्रातला गुण दुसऱ्या क्षेत्रात त्याच नावाने वावरू लागला की काय होते, याचा हा शब्द उत्तम नमुना ठरावा. स्टाफरूममध्येही आम्ही तटस्थच असतो. एका महाविद्यालयात एका कंत्राटी सहकाऱ्यावर उघड अन्याय झाला तेव्हा सभेत हात वर करण्याची वेळ आली आणि आम्ही खिडकीबाहेरच्या निंबाकडे पाहत राहिलो. तेव्हा भारत सरकारला उपदेश करण्याचा आमचा अधिकार फार मोठा नाही, हे आधीच मान्य करून टाकतो.

आणि इथेच मंडाले पुन्हा समोर येते. 'गीतारहस्य' हा ग्रंथ शेवटी कशाविरुद्ध आहे? गीता संन्यास सांगत नाही, कर्मयोग सांगते. अर्जुनाने रथाच्या खाली उतरून बाजूला उभे राहणे हा पर्याय गीतेने नाकारला आहे, हे टिळकांचे मुख्य प्रतिपादन. त्या प्रतिपादनाशी कोणी सहमत असो वा नसो (त्यावर वाद पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतले काही आम्हांला पटतातही), तटावर उभे राहण्याविरुद्ध मराठीतला सर्वांत मोठा युक्तिवाद मंडालेत लिहिला गेला ही गोष्ट खरी. आपण तो युक्तिवाद घरी आणला आणि मंडाले तिथेच ठेवले.

'अंतर्गत बाब' या शब्दप्रयोगाचा इतिहास तर आपल्याला अधिकच अडचणीत टाकणारा आहे. १८९७ साली टिळकांना राजद्रोहासाठी पहिली शिक्षा झाली, अठरा महिन्यांची. त्यांची सुटका व्हावी म्हणून राणीकडे जो अर्ज गेला त्याच्या पुढाकारात दादाभाई नौरोजींबरोबर माक्स म्युलर आणि विल्यम हंटर होते. जन्माने जर्मन असलेला ऑक्सफर्डचा एक पंडित हिंदुस्थानातल्या एका कैद्यासाठी सहीनिशी उभा राहतो, तेव्हा तो कोणाच्या अंतर्गत बाबीत पडत असतो? टिळक मुदतीच्या सहा महिने आधी, १८९८च्या सप्टेंबरात सुटले. त्या ढवळाढवळीबद्दल महाराष्ट्राने आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पुढचे उदाहरण थेट आमसभेतले आहे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांवर जमिनीच्या मालकीबाबत जाचक कायदा लादला गेला. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. तरी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. मुंबईचे बॅरिस्टर छागला त्यांच्या सोबत होते. समोर होते यान स्मट्स, ज्यांनी एकच वर्ष आधी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकाचा मसुदा घडवताना मूलभूत मानवी हक्कांची भाषा वापरली होती. त्यांचा बचाव एकच: हे आमचे घरचे प्रकरण आहे, सनदेच्या दुसऱ्या कलमानुसार त्यात तुम्हांला बोलता येत नाही. भारताने उत्तर दिले की माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न कोणाच्याही घरचा नसतो. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले: ३२ बाजूने, १५ विरोधात, ७ तटस्थ. दोन-तृतीयांश बहुमताने भारत जिंकला. ब्रिटन आणि अमेरिका त्या दिवशी आपल्या विरोधात होते. त्या सात तटस्थांची नावे आज कोणाच्या लक्षात आहेत?

दोन वर्षांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्याच्या मसुद्याच्या चर्चांत हंसा मेहता होत्या. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या विद्यापीठाच्या, त्या कुलगुरू. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्यांनी आग्रह धरून तिथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारा शब्द घालायला लावला. मराठीच्या प्राध्यापकांना याहून मोठे उदाहरण कोणते हवे? एक शब्द बदलला आणि निम्मी मानवजात मजकुरात आली. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनाम्याच्या बाजूने ४८ मते पडली. त्यांत भारताचे मत होते, आणि त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचेही होते. पुढे ब्रह्मदेशाचाच एक शाळामास्तर, ऊ थांट, दहा वर्षे या संस्थेचा सरचिटणीस झाला. तेव्हा मानवी हक्क हे पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेले लोढणे आहे असे कोणी म्हणू लागला की आम्हांला ही यादी आठवते.

एक शब्द मजकुरात घालता येतो तसा काढताही येतो. ११ डिसेंबर २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आँग सान स्यू की उभ्या राहिल्या. २०१७च्या ऑगस्टनंतर राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले होते. गाम्बिया या चिमुकल्या आफ्रिकी देशाने म्यानमारवर वंशसंहाराचा दावा गुदरला होता. स्यू की या दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. १९९१चे नोबेल आणि १९९३चा आपला जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्यांना मिळाला तो त्या लष्कराच्या कैदेत असताना. आणि आता त्या लष्कराच्या बचावासाठी आल्या होत्या. दावा अपुऱ्या आणि दिशाभूल करणाऱ्या चित्रावर उभा आहे, असे त्या म्हणाल्या. सबंध भाषणात 'रोहिंग्या' हा शब्द त्यांनी एका सशस्त्र संघटनेच्या नावाचा भाग म्हणून उच्चारला, एरवी नाही. ज्यांच्याविषयी खटला होता त्यांचे नाव घेतलेच नाही. दीड वर्षही झाले नाही तोच लष्कराने त्यांनाच पकडले, हे आपण वर पाहिले. त्यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह आम्ही टाळतो. न्याय असा नसतो.

न्यायालयाने २३ जानेवारी २०२० रोजी एकमताने अंतरिम आदेश दिला आणि त्यात, स्वतःला जो समूह रोहिंग्या म्हणवतो तो, असा अर्थ स्पष्ट करून ते नाव वापरले. त्या पीठावर पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले दलवीर भंडारी होते. आणि गाम्बियाने नेमलेल्या तदर्थ न्यायाधीश होत्या नवी पिल्लै: १९४१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये जन्मलेल्या, तमिळ कुटुंबातल्या. १९४६ साली ज्या लोकांसाठी भारताने आमसभेत आवाज उठवला त्यांच्यातलीच एक पाच वर्षांची मुलगी. आमसभेतले ठराव कागदी असतात, त्यांनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू की कागदाला फळ यायला कधी कधी त्र्याहत्तर वर्षे लागतात.

नाव न घेण्याबद्दल स्यू की यांना दोष देणे सोपे आहे. मराठीचे काय? आपल्या वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'रोहिंग्या' हा शब्द 'घुसखोर' या शब्दाच्या जोडीने इतक्यांदा येतो की तो सामासिक शब्द वाटू लागला आहे. 'निर्वासित' हा शब्द आपल्याकडे आहे. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांसाठी तो वापरला गेला. त्यांच्या वसाहती उल्हासनगरला आहेत तशा आमच्या जळगावातही आहेत. त्या शब्दात वासाचा, म्हणजे घराचा उल्लेख आहे. घर होते आणि ते गेले हे त्यात सांगितले जाते. 'घुसखोर' या शब्दात माणसाला मागचे काही नसते, तो केवळ आपल्या कुंपणाशी सुरू होतो. कोणाला आश्रय द्यावा, किती द्यावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि सरहद्दीची काळजी वाहणाऱ्यांना आम्ही खलनायक मानत नाही. परंतु शब्द निवडताना आपण मत आधीच देऊन बसतो, मग तटस्थ कसले?

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी आम्ही दोघेही शिकवतो. ती १९३९ सालची. युरोपातून निघालेल्या एका जहाजावर ज्यू निर्वासित आहेत, त्यांना कोणताही देश आपले म्हणत नाही. वर्गात आपण चक्रधर आणि हॅर्टा यांच्या प्रेमाविषयी बोलतो, अस्तित्ववादी जाणिवेविषयी बोलतो, कादंबरीच्या आकाराविषयी बोलतो. तिच्या आदल्याच वर्षी, १९३८च्या जुलैमध्ये, फ्रान्समधल्या एव्हियां येथे ३२ देशांची परिषद भरली होती, हे मात्र सहसा सांगत नाही. एकामागून एक प्रतिनिधी उठला, त्याने ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि आपला देश अधिक माणसे का घेऊ शकत नाही हे सांगून खाली बसला. बेडेकरांचे जहाज त्या परिषदेच्या पाण्यातून चालले आहे. २०१५ साली अंदमानच्या समुद्रात रोहिंग्यांनी भरलेल्या नावा आठवडेच्या आठवडे भटकत राहिल्या आणि किनाऱ्यावरचे देश त्यांना परत समुद्रात ढकलत राहिले. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटायला नको होती.

आमच्या या म्हणण्याला मित्रांनी घेतलेला आक्षेप गंभीर आहे, तो इथे नोंदवला पाहिजे. भारत-म्यानमार सरहद्द १६४३ किलोमीटर लांब आहे. ईशान्येतल्या बंडखोर गटांचे तळ पलीकडे असतात. आपण लष्कराकडे पाठ फिरवली की चीन तिथे खुर्ची टाकून बसतो. १९८८च्या उठावानंतर भारताने लोकशाहीवाद्यांची बाजू उघड घेतली, नव्वदीच्या दशकात तिची किंमत जाणवली आणि धोरण बदलले. शिवाय ठराव आणणारे देश तरी कोण? साम्राज्ये चालवलेले, आणि सोयीचे हुकूमशहा पोसलेले. हे सगळे खरे आहे. सुरक्षा परिषदेत २१ डिसेंबर २०२२ रोजी ठराव २६६९ मंजूर झाला, बारा विरुद्ध शून्य. तेव्हाही चीन आणि रशियाबरोबर भारत तटस्थ राहिला, आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडेच होते. धोरण म्हणून यात सुसंगती आहे. आमचा आक्षेप शांतपणे बोलण्याला नाही. शेजाऱ्याशी शांतपणेच बोलावे. आक्षेप असा आहे की ज्या तत्त्वावर १९४६ साली आपण उभे होतो ते बदलले असेल तर तसे म्हणावे. हितसंबंधांसाठी गप्प राहिलो, असे म्हणणारे राष्ट्र निदान खरे बोलत असते. गप्प राहण्याला विधायकतेचे नाव दिले की भाषाच नासते, आणि ती नासली तर तिच्यावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी ओरडायचे नाही तर कोणी?

आणि तटावर उभे न राहणारेही याच देशात होते. २०२१च्या मार्चमध्ये केंद्रीय गृहखात्याने ईशान्येच्या राज्यांना म्यानमारमधून येणाऱ्यांना रोखण्याची सूचना केली. मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिले की पलीकडचे चिन लोक आमचे रक्ताचे नातलग आहेत, त्यांच्या दुःखाकडे आम्हांला काणाडोळा करता येणार नाही. पुढे तीस हजारांवर माणसांना त्या लहानशा राज्याने सामावून घेतले. मिझोरमला नाते आठवत होते म्हणून ते शक्य झाले, असे कोणी म्हणेल. तेच तर. महाराष्ट्राचेही नाते आहे. फक्त आपण त्याची सहल काढतो.

२०१६च्या डिसेंबरात थिबा राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. रत्नागिरीत त्याच्या समाधीपाशी समारंभ झाला. राजाचे वंशज आले होते. म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आले होते, आणि सेनाप्रमुख मिन आँग ह्लाइंगही आले होते. परदेशी सत्तेने आपल्या राजाला देशाबाहेर काढले याचे दुःख करायला ते शहाण्णव पिढ्यांचे वैर ओलांडून आल्यासारखे आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सैन्याने लाखो माणसे देशाबाहेर काढली आणि त्यानंतर चार वर्षांनी त्यांनीच सत्ता बळकावली. त्या समारंभाच्या वेळी आमच्यापैकी एक जण योगायोगाने चर्चासत्रासाठी कोकणात होता. गाड्यांचा ताफा गेला, रस्ता पुन्हा मोकळा झाला, आणि आम्ही टिळकांचे जन्मस्थान पाहायला निघून गेलो. दोन्हींत अंतर फार नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे नोकरी धरली, तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे राहूनच गेले. या वर्षी 'गीतारहस्य' शिकवून झाल्यावर १८ जून २०२१चे ते स्पष्टीकरण मराठीत करून वर्गात वाटायचे आम्ही ठरवले आहे. एका पानाचा मजकूर आहे. प्रश्न नेहमीचाच ठेवू: पुढील उताऱ्यातील कर्ता ओळखा.